दर सेकंदाला दोन लिटर

पुलाच्या तोंडाशी पाटी आहे: आठ टनांवरची वाहनं नेऊ नयेत.
माझा टँकर भरला की चौदा टन.
पाण्याचं ओझं पुलाला पेलत नाही,
म्हणून मी पाणी घेऊन नदीतून जातो.

मंगळवारी आणि शुक्रवारी.
पात्रात माझ्याच चाकांची चाकोरी पडलीय,
दोन्ही बाजूंना गोटे, एस्पिनोची काटेरी झुडपं,
कुणीतरी फेकलेला फ्रिज, दार उघडं.
खांबावर जुन्या पुराची खूण आहे, निळ्या रंगात,
माझ्या टपाच्याही वर.

डोंगर हिरवे आहेत. हे सांगायला हवं,
नाहीतर तुम्हाला वाटेल इथे दुष्काळ आहे.
माथ्यापर्यंत अवोकाडो, शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे,
आणि वर काळ्या प्लास्टिकचं अस्तर घातलेलं तळं,
कुंपण, कॅमेरा, बदकं.
बदकांना कागद विचारत नाही कुणी.
पाणी कुठे मुरतंय ते इथे शोधावं लागत नाही,
मान वर केली की दिसतं.

आमच्याकडे जमिनीचा कागद वेगळा, पाण्याचा वेगळा.
माझ्या बापाकडे दोन्ही होते.
दुसऱ्यावर लिहिलेलं: दर सेकंदाला दोन लिटर, कायमचे.
तो नोटरीकडे गेला टाय लावून, लग्नातला टाय,
सही केली, हक्कावर पाणी सोडलं,
आणि जुनी लाल पिकअप घेऊन घरी आला.
आई अंगणात आली, चाकाला लाथ मारून पाहिली.
चांगली होती गाडी. अकरा वर्षं चालली.
त्याला मी दोष देत नाही. तेव्हा नदी होती,
आणि असलेली नदी कोण मोजतं?

एदुविना विचारते, "निबाल्दो, आज कुठलं आणलंस?"
जसं कुणी मासे विचारावेत.
तिच्या घरामागे विहीर आहे, आणि ती कोरडी नाही.
नऊ मीटरवर पाणी, नितळ, गार, चवीला गोड.
गेल्या वर्षी सान्तियागोहून प्रयोगशाळेची मुलगी आली,
बाटली भरून घेऊन गेली,
तीन आठवड्यांनी फोनवर म्हणाली, पिऊ नका.
नातीच्या दुधात तर मुळीच नको.
वरचं खत झिरपतंय, झाडांना नको झालेलं.
एदुविना म्हणाली, मग मी उकळून घेईन.
उकळू नका, मुलगी म्हणाली, उकळलं की वाढतं.
त्यावर एदुविना बराच वेळ गप्प.
सत्तर वर्षं तिने घरातलं सगळं वाईट
उकळूनच तर घालवलं होतं:
दूध, दुपटी, नवऱ्याच्या पायाच्या पट्ट्या.

विहिरीवर आता पत्रा आहे, पत्र्यावर दगड,
दगडावर मांजर.

काल नदीच्या मधोमध गाडी थांबवली.
कारण नव्हतं. इंजिन बंद केल्यावर
टाकीतलं पाणी ऐकू आलं, इकडून तिकडे,
गाडी थांबलीय हे त्याला कुणी सांगितलं नसावं.
मागचा नळ सोडला, बादली भरली,
रंगाची रिकामी बादली, दहा लिटरची.
हे पाणी मोजलेलं असतं, माणशी पन्नास,
तेव्हा ही चोरी. लिहून ठेवा.
बादली कलती केली, सावकाश,
तोंडाने मोजत: एक. दोन.
गोटे काळे झाले, त्यांच्यातल्या पांढऱ्या शिरा दिसल्या,
तीन, धार चाकोरीत शिरली,
चार, वळली,
उतार कुठे आहे ते तिला माहीत होतं,
पाच.

पाच सेकंद माझ्या बापाचं पाणी नदीत होतं,
कागदावर होतं तेवढंच, थेंबही कमी नाही.

मग बादली हुकाला अडकवली, गिअर टाकला.
पलीकडच्या काठावर एदुविना
पिंपाचं झाकण काढून उभी, हात कपाळाला लावून,
उशीर का झाला ते विचारायच्या तयारीत.