खिडकीपाशी खुर्ची आहे का

तिचं पहिलं पत्र नोव्हेंबरात आलं.
विनिफ्रेड. वय एकाहत्तर. गाव ग्रिम्सबी.
समुद्र तिच्याकडेही आहे म्हणे,
पण कपात विसरलेल्या चहाच्या रंगाचा.
आजवर देश सोडलेला नाही.
मार्चमध्ये महदियाला यावं म्हणते, नऊ रात्री.
आणि खाली, आकडे घालून, सतरा प्रश्न.

बहिणीचा मुलगा ऐमन वाचतो, मी तारल्या साफ करते.
मी आपल्या बोलीत सांगते, तो तिच्या भाषेत टाइप करतो.
मधे काय गळतं ते तोच जाणे.

मार्चमध्ये थंडी असते का?
भिंतींच्या आत असते, बाहेर उन्हात नसते.
स्वेटर आण, पण घरात घालायला.

विमानतळावरून टॅक्सी किती घेईल?
तुझा चेहरा बघून घेईल.
त्यापेक्षा ऐमन येईल, त्याच्या मामाची व्हॅन घेऊन.
व्हॅनला मासळीचा वास आहे. चालेल ना?

(चालेल, तिने कळवलं. मी चाळीस वर्षं
कारखान्यात हॅडॉक पाकिटात भरलाय.
त्या दिवशी आम्ही दोघी जरा जवळ सरकलो.)

पैसे आधीच बदलून आणू?
मिळायचे नाहीत. आमचा दिनार देशाबाहेर जात नाही.
मीही गेलेले नाही.
हे शेवटचं ऐमनने बहुतेक लिहिलं नाही.

वाळवंट जमेल का नऊ दिवसांत?
लांब आहे. मी पाहिलेलं नाही.
नवऱ्याने पाहिलं होतं, लष्करात असताना.
आल्यावर विचारलं, तर म्हणाला, वाळू आहे.

जानेवारीत तिने नकाशा घेतला.
जेवणाच्या टेबलावर पसरून त्याला इस्त्री केली,
घड्यांमध्ये गावं दिसेनात म्हणून.
रोज सकाळी मांजराला शुक्रन म्हणते.
मांजर उठून दुसऱ्या खोलीत जातं.

मग सोळावा प्रश्न.
खिडकीतून काय दिसतं?

ऐमन म्हणाला, समुद्र. एवढंच लिहू.
खोटं नाही ते. समुद्र दिसतो.
पण त्याच्या आधी कबरी दिसतात,
पांढऱ्या, ठेंगण्या, उतारभर, पार खडकांपर्यंत,
धुणं वाळत घालून कुणी
उचलायला विसरल्यासारख्या.

मावशी, असं लिहून गिऱ्हाईक येतं का?
मागच्या साली ते जोडपं, आठवतं ना,
दुसऱ्याच सकाळी खोली बदलून मागत होतं.

मी हात धुतले. म्हटलं, लिही.
कबरस्तान आहे, भिंत नाही, वाऱ्याला आडकाठी नाही.
शुक्रवारी बायका येतात, मेलेल्यांना
जिवंतांच्या कागाळ्या सांगतात.
उन्हाळ्यात पोरं तिथूनच वाट काढत
खडकांवर जातात, पाण्यात उड्या मारतात.
कुणी त्यांना रागवत नाही. मीही गेलेय लहानपणी.
हेही लिही. सगळं लिही.

अकरा दिवस काही नाही.
मी धुतलेला पलंगपोस पुन्हा धुतला.
ऐमन गप्प, पण त्याचं गप्प बसणं
घरभर ऐकू येत होतं.

बाराव्या दिवशी एकच ओळ:
खिडकीपाशी खुर्ची आहे का?

नव्हती.
स्वयंपाकघरातली उचलली. जिना अरुंद,
दोनदा भिंतीचा चुना खरवडला.
ठेवली, डगमगते का पाहायला म्हणून बसले.
वीस वर्षं ही खोली झाडतेय मी,
आणि झाडणारं माणूस खालीच बघतं.

बसलं की दिसतं.
दीपगृहाच्या अलीकडे, वाकड्या अंजिराला लागून,
उशाची निळी फरशी एका कोपऱ्यात फुटलेली.
फुटली तेव्हा मीच म्हटलं होतं, बदलू पुढच्या वर्षी.
आई.
इथून दिसते.

खालून ऐमन ओरडला, काय लिहू?

लिही, आहे.
एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घालीन.
आणि थांब, लगेच पाठवू नकोस,
मला उतरायला जरा वेळ लागेल.
सतरावा काय होता तिचा?
तो वाच परत.