तिसरी नळी

खानापूर, हलगेकर डॉक्टरांचा दवाखाना.
मी कंपाउंडर; सुया उकळायचो.

स्टेथोस्कोपला त्यांनी तिसरी नळी जोडली,
सायकलच्या ट्यूबची,
पेशंटलाही ऐकू यावं म्हणून.
घंटी मातीची, मल्लव्वा कुंभारणीनं भाजलेली.
सात फुटल्या. आठवी टिचकीनं वाजवून तिनंच ठरवलं,
"ही ऐकंल बघा."

मला हसू यायचं. लोक स्वतःचं काळीज ऐकून
घाबरायचे, पैसे न देता पळायचे.

मग संक्रांतीनंतर मल्लव्वाच आली, दम लागलेली.
डोळे मिटून तिसरी नळी कानात घातली,
माठ पारखावा तशी
ऐकत राहिली.

"चीर हाय वो, डॉक्टर," म्हणाली,
"पर पाणी ऱ्हाईल अजून चार उन्हाळं."

डॉक्टर काही बोलले नाहीत.
केसपेपरावर त्यांनी तेच लिहिलं.