नाउता शब्द चालवा

लॅटिनचं पुस्तक मी रद्दीतून घेतलं, वजनावर.
चारशे ग्रॅम. मागचे सहा धडे वाळवीनं
माझ्याआधीच शिकून टाकले होते.

सेलेस्तिन मास्तरांनी ते नाकाजवळ नेलं, म्हणाले,
"चालेल. शेवटचे धडे तसेही कोणी गाठत नाही."
स्वतः सेमिनरीतून एकोणिसाव्या वर्षी पळालेले,
पुढे छत्तीस वर्षं माझगावच्या गोदीत
हजेरीपटावर माणसं उतरवून घेत बसले.
माथारपाखाडीत जिन्याखालची खोली,
गुरुवारी साडेसहा, फी दोन पाव, गरम.

पहिला शब्द नाउता. खलाशी.
"पुल्लिंगी आहे, पण चालतो बाईसारखा.
गोदीत असे पुष्कळ पाहिले."
नाउता, नाउते, नाउते, नाउताम्.
शाळेत आमचा देव असाच चालायचा,
देवाने, देवाला, देवाहून,
पट्टीच्या तालावर.
"शब्द वाक्यात कुठेही बसू दे," मास्तर म्हणाले,
"बाक बदलला म्हणून पोरगा बापाचं नाव बदलत नाही.
शेपूट बघ. आणि आधी क्रियापद शोध."

त्याच महिन्यात खेतवाडीच्या छापखान्यात
माझ्या टेबलावर एक कादंबरी आली.
दोनशे बारा पानं, पूर्णविराम शून्य.
काही ओळी समासात उतरून गेलेल्या,
पान एकशे सतरा कोरं, पण आकडा छापलेला.
पहिल्याच पानावर मी एकोणपन्नास चुका काढल्या, लाल.
लेखक आला. काडीसारखा मुलगा, चष्म्याला दोरा.
म्हणाला, या चुका नाहीत.
मग काय आहेत, ते त्यानं सांगितलं.
मला कळलं नाही. त्यालाही, असं वाटलं.
जाताना टीकेची दोन पुस्तकं देऊन गेला,
असलं लेखन कसं वाचावं ते सांगणारी.
ती वाचायला तिसरं लागलं असतं.

प्रुफं घेऊन मी जिन्याखाली गेले.
मास्तरांनी बोट फिरवलं, पान नऊवर थांबले.
"हे बघ, 'आईला'. कोणीतरी आईला काहीतरी.
कोणी, काय, शोध."
पाव संपले, चहा दोनदा झाला.
एकशे चाळिसाव्या पानाच्या कडेला, आडवं,
सापडलं: 'सांगितलं नाही'.
मला उगाच घशाशी आलं.
"आणि हे कोरं?"
"संबोधन असेल. हाक मारून थांबलाय."

दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस चुका मागे घेतल्या.
दोन ऱ्हस्वदीर्घाच्या होत्या, त्या सोडल्या नाहीत.

जानेवारीत मास्तरांना झटका आला.
उजवा पाय चालत नाही. शब्दही चालत नाहीत.
सगळे प्रथमेत बसलेत, हात बांधून:
पाणी. भोंगा. पुतण्या. मीठ.
प्रत्यय कुठल्या बंदरात उतरले कोण जाणे.
पुतणसून फिलोमेना म्हणते, काहीबाही बडबडतात.
मी तिला काय सांगू, दोनशे बारा पानं आहेत,
घाईनं लाल करू नकोस.

काल गुरुवार. पाव घेऊन गेले.
बराच वेळ माझ्याकडे बघत होते, मग म्हणाले,
"फेनेस्त्राम्."
फेनेस्त्रा नाही. फेनेस्त्राम्.
शेपूट शाबूत! कोणीतरी खिडकीला काहीतरी.
मी खिडकी उघडली. मान हलली, नाही.
लावली. नाही.
पदरानं काच पुसली. नाही.
मग बसले.
क्रियापद त्यांच्याकडे शेवटी येतं,
आपल्याकडेही येतं.
वाट बघायची सवय दोन्ही भाषांना आहे.

पाव निवले.
गोदीचा भोंगा झाला, तसा मास्तरांनी
डावा हात उचलला, यादीवर बोट ठेवावं तसा,
आणि माझ्याकडे वळून थांबले.
मी म्हटलं, "आद्सुम." हजर आहे. धडा चौथा.

एक भुवई वर गेली.
उच्चार चुकला असणार.