आकृती दोन

डॉक्टर वुओरेनमा स्वतः आल्या,
ओउलूच्या डायलिसिस वॉर्डात, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी.
हातात बारा पानं, कोपऱ्यात एक स्टेपल.
मी खुर्चीत. डावा हात यंत्राला जोडलेला,
रक्त बाहेर जाऊन, धुतलं जाऊन, परत येतंय.
त्यांनी कोट काढला नाही.
म्हणाल्या, छापून आलं, टाउनो.

म्हटलं, वाचा तुम्हीच,
माझे डोळेही साखरेनं निम्मे खाल्लेत.

चार वर्षं मी लघवी साठवली,
दर तीन महिन्यांनी, चोवीस तासांची, एका कॅनमध्ये.
इर्या फ्रिजला हात लावू देईना:
दुधाशेजारी हे नको.
मग लाकडांच्या खोपटात, लोकरी मोज्यात गुंडाळून,
आणि सकाळी बेटावरून बर्फाच्या रस्त्यानं मुख्य भूमीला.
शेजारच्या सीटवर ठेवून
पट्टा लावायचो तिला.
पाहुणी असल्यासारखी बसायची, फेसाळ, गप्प.

त्या रस्त्याचा बर्फ तीस वर्षं मीच मोजला.
कमरेला दोर, हातात गिरमिट, खिशात वही.
समुद्र गोठला की पहिला माणूस मी,
एकटा, पायी,
दर शंभर पावलांवर एक भोक.
मी लिहिलेल्या आकड्यावरून दुधाचा ट्रक जायचा,
शाळेची बस जायची,
एकदा तर अख्खं लग्न गेलं, वाजंत्र्यांसकट.
कुणी विचारलं नाही आकडा कुणाचा.
विचारायचं कारणही नव्हतं.

म्हणून डॉक्टर म्हणाल्या की
गोळीत औषध आहे की नुसती भुकटी
हे तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही,
तेव्हा मी सही केली.
मोजणाऱ्याला मोजणारा ओळखू येतो.

भुकटी होती.

हे कळलं त्या दिवशी इर्यानं कपाटातल्या रिकाम्या डब्या
एकेक करून चुलीत टाकल्या.
प्लास्टिकचा वास आठवडाभर घरात.
चार वर्षं खडू खाल्लास, म्हणाली,
आणि वर त्यांना कॉफी पाजलीस.

आता डॉक्टर आकृती दोन दाखवतायत.
दोन रेषा. एकाच ठिकाणाहून निघालेल्या,
वर्षभर एकमेकींना चिकटून,
मग राखाडी पायरी पायरीनं उतरते,
निळी जरा टिकून राहते.
खाली बारीक अक्षरात आकड्यांची ओळ:
दोनशे बारा, एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे एकाहत्तर.
अजून किती उरलेत, त्याचा हिशेब.
किडनी थकली की माणूस त्या ओळीतून वजा होतो,
आणि निबंधात त्याला म्हणतात 'घटना'.

मी घटना आहे, इर्या. घरी गेल्यावर सांगायला हवं.

दोन रेषांच्या मधे किती माणसं, मी विचारलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मनात मोजलं.
नऊ, म्हणाल्या. या खुर्चीत नसलेली नऊ माणसं.
मग थांबून: दहाही असतील, नक्की सांगता येत नाही.

नऊ जण.
कुठेतरी आत्ता केळं खात असतील,
टोमॅटो, बटाटे, हवं तेवढं पाणी पीत असतील,
आणि मला ओळखत नाहीत.
हेवा वाटला. खोटं कशाला बोलू.
हेवा जाईपर्यंत यंत्राकडे बघत बसलो.
पुरता गेला नाही.

शेवटच्या पानावर
सहभागी झालेल्या रुग्णांचे आभार. एक ओळ.
त्याआधी कंपन्यांची नावं, तीन ओळी.
डॉक्टरांनी ते वाचलं आणि त्यांचा आवाज बसला.
थंडी बाहेर फार आहे, म्हणाल्या.

मी कुठे आहे यात, दाखवा.

राखाडी रेषा, सत्ताविसावा महिना,
एक पायरी, नखाएवढीही नाही.
त्यांनी पेनचं टोक तिथं टेकवलं,
जरा जास्तच दाबलं गेलं.
कागदाला भोक पडलं.

बर्फाला भोक पाडलं की पाणी वर येतं,
काठाच्या किंचित खाली येऊन थांबतं.
लगेच वाकायचं नसतं.
आधी मोजपट्टी आत सोडायची,
खालचा काठ आकड्यात अडकला की
हातमोजा दातांत धरून
वहीत लिहायचं.