खरखर

टोलेडोत, शाळेच्या मागच्या वर्कशॉपमध्ये
यंत्रमानवाचा हात टेबलावर पडलाय,
कोपरापासून उघडा.

शाल्मली इथे कोडिंग शिकायला आली,
निदान फॉर्म भरताना मीच तसं लिहिलं होतं.
आज तिच्या नखांत ग्रीस,
आणि ती कोवाल्चिक सरांना सांगतेय,
"तिसरा गिअर खरखरतोय."
सरांची हयात गेली मोटारींच्या कारखान्यात,
त्यांना नाही आलं ऐकू.
उघडलं, तर एक दात झिजलेला.

टेरेल मोटर जोडायला आला होता,
हल्ली देणगीसाठी दुकानं पालथी घालतो;
कंजूष टायरवाल्याकडूनही
दोनशे डॉलर काढले पठ्ठ्यानं, गोड बोलून.
वेल्डिंगचा मुखवटा वर सारून लुबना म्हणते,
डॉक्टर नाही व्हायचं मला.
घरी अजून सांगायचंय.

स्पर्धेत आमचा रोबो
एका जागी गिरक्या घेत बसला.
पोरं आधी रडली, मग हसत सुटली.

परतताना, बर्फात, मी विचारलंच :
मग, काय व्हायचं ठरवलंस?
"श्श, बाबा.
पुढच्या डाव्या चाकातून काहीतरी येतंय."

मी रेडिओ बंद केला.
मला काहीच ऐकू आलं नाही.
गाडी कडेला घेतली.