ट्रॉली मागे घेताना

उगावच्या प्लॉटापासून घरापर्यंत
दीड किलोमीटर डांबरी.
प्लॉटात सोपानला वय नसतं.
दोन ओळींमधून ब्लोअर असा नेतो
की एका काडीला ओरखडा नाही.
डांबरीवर आला की मात्र
तो सतरा वर्षांचा होतो.

फाट्यावर हवालदार उभे होते.
शिट्टी नाही, पावतीपुस्तक नाही,
नुसतं म्हणाले, "दाढी कधी येणार रे?"
त्या दिवसापासून चावी बाजरीच्या डब्यात,
ट्रॅक्टर प्लॉटातच मुक्कामी,
आणि पोरगं त्याच्याशेजारी शेडमध्ये झोपायला.

ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये. दीड महिना तरी.
आभाळ भरलेलं, म्हणजे डावनीला आवतणच.
छाटलेली बाग कुणाच्या अठराव्या वाढदिवसासाठी
थांबत नाही.

म्हणून मी.
माझ्याकडे वय होतं, नुसतं पडून.

कागदावर माझा जन्म एक जूनचा.
गुरुजींनी आमचा अख्खा वर्गच एक जूनला जन्माला घातला.
आई म्हणायची, तू गोडी छाटणीतली,
बाहेर कात्र्या चालल्या होत्या आणि आत तू.
म्हणजे ऑक्टोबर.
म्हणजे सरकारदरबारी मी चार महिने जास्तीची.
सोपानला अठरा व्हायला कमी पडतात
नेमके चार महिने.
एवढीशी उसनवारी
पण कुठल्याच खिडकीवर होत नाही.
त्याच्या दाखल्यावर तर वेळसुद्धा आहे,
सकाळी सहा सतरा.

शिकवलं त्यानंच, शेडपुढच्या मोकळ्या जागेत.
"क्लच, आई. क्लच."
खाली बसून माझ्या पायावर हात ठेवला,
किती दाबायचा ते दाखवायला.
मी तीनदा बंद पाडला, तो हसला नाही.
सतराचा पाढा चुकायचा तेव्हा
मी हसले होते.

ट्रॉली मागे घेणं सगळ्यात वाईट.
"डावीकडं न्यायचीय ना? मग स्टेअरिंग उजवीकडं."
"असं कसं?"
"असंच असतं. मागं बघ,
पण पुढच्या चाकाला विसरू नको."
दोनदा गेले शेजाऱ्यांच्या कांदाचाळीवर.
तिसऱ्यांदा चाळ वाचली, लिंबाचं झाड नाही.
मग एकदा, कशी कोण जाणे,
ट्रॉली मुकाट जागेवर जाऊन बसली
आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.

शिकाऊची परीक्षा कॉम्प्युटरवर.
त्रिकोणातली चित्रं, गोलातली चित्रं.
अरुंद पुलाला मी बरोबर बटण दाबलं,
आमच्या ओढ्यावर तसाच आहे.

पक्क्याच्या दिवशी ओझरहून धाकटे दीर
रजा टाकून ट्रॅक्टर नाशिकला घेऊन आले.
पेठ रोडच्या त्या रांगेत
पुढं पोरं, मागं पोरं.
खिडकीतला म्हणाला, "मावशी, स्कूटीचं ना?"
"ट्रॅक्टरचं."
रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग थांबलं.
"वय?"
"कागदावरचं सांगू का खरं?"
"कागदावरचं."

साहेबांनी आठ काढायला लावला, मग म्हणाले, मागे घ्या.
मी मागं बघितलं.
पुढच्या चाकाला विसरले नाही.

कार्ड पोस्टानं आलं.
फोटोत मी कुणावर तरी चिडल्यासारखी.
ह्यांनी ते चष्म्याजवळ नेऊन वाचलं,
माझं पूर्ण नाव, मंदाकिनी शिवराम रायते,
जणू पहिल्यांदाच.

त्या रात्री फवारणी उरकली.
चावी माझ्या हातात.
सोपान सवयीनं मडगार्डवर चढला.
"उतर."
"अगं आई, दीडच किलोमीटर..."
"नियमात नाही. सीट एकच आहे."
तो उतरला. थोडा घुटमळला.
मग रस्त्याच्या कडेनं पुढं चालू लागला,
हेडलाइटच्या उजेडात, औषधानं पांढरा झालेला शर्ट,
सावली पार मैलाच्या दगडापर्यंत.

दुसरा गिअर मला येतो.
तिसराही येतो.
पण तो पायी होता.