डोळा राखून

निरोप समारंभात शाल, नारळ आणि हे मिळालं.
सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं, जांभळं, नऊ फुलांचं ऑर्किड.
सेक्शनच्या पोरांनी वर्गणी काढली होती,
कुंडीवरची किमतीची चिठ्ठी अर्धी खरवडलेली.
मला दिसलीच. एकतीस वर्षं प्रेसमध्ये
बघण्याचाच पगार घेतला मी:
शाई सरकली का, रेघ तुटली का,
आकडा जागेवर बसला का.

जेल रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
नऊची सात झाली, सातची चार.
गळायची त्याची रीतच वेगळी. पाकळी पाकळी नाही,
अख्खं फूल, तोंडावळ्यासकट,
टीपॉयवर उतरायचं, चहाला आल्यासारखं.
शेवटचं गेलं श्रावणात.
नलू म्हणाली, आता काडीच राहिली. द्या टाकून.
मी म्हणालो, बघू.

भाद्रपदात नलूची मावशी आली, पिंपळगावहून, मोतीबिंदूला.
चांगुणामावशी. हयात द्राक्षाच्या टोळीत गेलेली,
छाटणी लागायच्या आत डोळा करून घ्यायचा होता तिला.
एकावर हिरवी पट्टी, दुसरा अजून धुक्यात.
कुंडी मांडीवर घेतली,
काडीवरून अंगठा खाली खाली नेला
आणि गाठीशी थांबली.
"ह्यो एक डोळा. ह्यो दुसरा.
ह्याच्या वर बोटभर राख, मंग मार.
आन् कात्री आधी जाळावर धर."
मावशी, हे द्राक्ष नाही.
"डोळा त्यो डोळाच."

मी भिंग काढलं.
प्रेसचं नव्हे, ते सही करून परत केलं;
हे मेन रोडवरून घेतलेलं, जरा पिवळट.
भिंगाखाली तो दिसला: तांदळाच्या कणीएवढा, मिटलेला,
वर पापणीसारखा पापुद्रा.
कापलं. नख कापल्याएवढाच आवाज.
जखमेवर नलूच्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनी,
आणि घरभर दोन दिवस कुणाच्या तरी बारशाचा वास.

मग कळलं, मी काय करत होतो ते.
सकाळी चहा झाला की पाणी. पेपर झाला की पाणी.
दोन मुळं काळी पडून लिबलिबीत झालेली.
"तुला काम न्हाई," मावशी म्हणाली,
"म्हून त्याला रोज पाजतो व्हय?"
उत्तर नव्हतं. मुळं कापली.
आता दर रविवारी, धरणाचं पाणी आलं की,
बादलीत दहा मिनिटं, मग निथळत ठेवायचं.
मधे पानाच्या बेचक्यात थेंब राहिला तर
कागदाच्या सुरळीनं टिपायचा.
बाकी सहा दिवस हात मागे.
मुळं चंदेरी होतात, भिजली की हिरवी,
पारदर्शक कुंडीतून सगळा हिशोब दिसतो.
हात मागे बांधून बसणं
मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

मार्गशीर्षात पेपरात आलं, निफाडचा पारा सहावर.
नलू म्हणाली, गॅलरीची काच लावा, मरेल ते.
मी बोटभर फट ठेवली. का, ते सांगता आलं नसतं.
आठवड्याभरानं तिसऱ्या पानाखाली
काहीतरी हिरवं. चण्याच्या डाळीएवढं.
राखलेल्या डोळ्यातून नव्हेच; तो अजून मिटलेला.

मूळ असेल. टोक गोल आहे.
दांडा असेल. टोकाला किंचित खाच आहे, हातमोज्यासारखी.
भिंग, टॉर्च, पुन्हा भिंग.
मावशीला फोन लावला.
"नीट बघ की. तुझा धंदाच हाय त्यो."
दिसत नाही गं, म्हटलं.
"मला दिसतंय बग आता," ती म्हणाली,
"पार शेवटच्या ओळीतला घड दिसतोय."
तिच्या मागे कात्र्यांचा आवाज, कुणीतरी हसलेलं.

प्रेसचा भोंगा झाला. सकाळची पाळी.
पायांनी सवयीनं चपला शोधल्या.
एकतीस वर्षं एकच ठरवायचं होतं, पास की रद्द,
आणि एका कागदाला दोन सेकंद.

भिंग खिशात टाकलं.
कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्यांशेजारी,
पेन्सिलीनं लिहिलं: डाळीएवढं.
रविवारी परत बघू.